आईंच्या डाव्या कानासाठी

६ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल रविवारी व्हिडिओ कॉलवर तू दिसलीस, प्लास्टरातला पाय उशीवर ठेवलेला दिसला, मागच्या भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळही दिसलं. ऐकू मात्र काडीचं आलं नाही. तू हातवारे करून बोलत होतीस आणि मी 'काय? काय?' करत टॅबला कान लावत होते. शेवटी आईच म्हणाल्या, "अगं, ती म्हणतेय दूध उतू चाललंय, आलेच." घरात ज्या एका माणसाला ऐकू येत नाही, त्यानं आम्हा कानवाल्यांना तुझं बोलणं सांगितलं.

त्या ओठ वाचतात म्हणून तर हे पत्र. फोनवर बोलायचं तर सासूबाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार, आणि मनातली भीती त्यांच्यासमोर कशी बोलू?

आईंच्या कानाचं ऑपरेशन ठरलं. अठरा फेब्रुवारी, मंगळवार. उजवा कान केव्हाच गेला. आता डाव्यात आतून यंत्र बसवणार. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की त्यानंतर माणसांचं बोलणं चांगलं कळेल, पण आज त्या कानात जे थोडंफार स्वतःचं ऐकणं उरलंय ते बहुधा जाईल. यंत्रातून गाणं पूर्वीसारखं लागेल याची खात्री नाही. आई म्हणाल्या, "बोलणं हवंच आहे. पण त्याआधी एकदा माझ्या दोन्ही सुनांची सांजेची प्रार्थना या कानानं ऐकू द्या, मग कापा काय ते."

तुम्ही दूर राहायला गेलात तेव्हापासून मी ती एकटीच म्हणते. ओट्याशी आपण दोघी भाजी चिरता चिरता म्हणायचो आणि आई मागे बसून ऐकायच्या, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. मी म्हटलं, धाकटी रेकॉर्ड करून पाठवेल. तर म्हणाल्या, "रेकॉर्ड काय, मेलेल्या माणसाचंही ऐकता येतं. मला दोघी जिवंत हव्यात."

म्हणजे व्हिडिओ कॉल हाच मार्ग. आणि तिथे तर आवाजाचीच बोंब.

कालची गंमत राहिलीच. तू दूध बघून परत आलीस तेवढ्यात दारामागच्या खुंटीवरून बारीक आवाज आला, "जाऊबाई, ऐकू येतंय का?" मी देवाचं नाव घेतलं. ह्यांचा शर्ट बोलत होता. खिशात हात घातला तर ह्यांचा तो गळ्यात अडकवायचा इअरफोन, चालूच राहिलेला. तुझा सगळा आवाज टॅब सोडून तिकडे जात होता. हे म्हणाले, "माझ्या शर्टाशी आजवर कुणी इतकं प्रेमानं बोललं नव्हतं."

यावर उपाय काय ते कळव. नवा स्पीकर वगैरे सुचवू नकोस, आहे त्यात होईल. कागद पाठकोरा आहे, मागचा मजकूर वाचू नकोस, तो औषधाच्या दुकानाचा आहे.

तुझी,
थोरली

१० जानेवारी

ती. जाऊबाईंना,
सा. न.

पत्र वाचून इतकी हसले की प्लास्टरातला पाय ठणकला. म्हणजे मी रविवारी "तुमची फार आठवण येते" म्हणाले ते मोठ्या भाऊजींच्या शर्टाला म्हणाले. त्यांना सांगा, शब्द परत घेतलेत. आणि मागचा मजकूर मी वाचला. भाऊजींना मलम लागतं कुठे ते विचारणार नाही.

मग आईंचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. थोड्या वेळानं परत उचललं. जिन्यावरून घसरले नसते तर आज रात्रीच गाडीत बसले असते हो. पण हाडाचे डॉक्टर म्हणतात, मार्चपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. ठीक आहे. पाय अडकलाय, गळा मोकळा आहे. जमवूच. मला तर आत्तापासून झोप लागत नाही.

आता उपाय. कॉल लावण्याआधी टॅबमधलं ब्लूटूथ बंद करायचं, म्हणजे शर्टाचा संबंध तुटेल. कॉल चालू असताना खाली स्पीकरचं चित्र असतं, त्यावर बोट ठेवलं की आवाज कुठून काढू असं ते विचारतं. तिथे टॅबचाच स्पीकर निवडायचा. शेजारी माइकचं चित्र आहे. त्यावर रेघ मारलेली असली तर तुमचा आवाज मला येत नाही, म्हणजे म्यूट. रेघ काढायची. बाजूची बटणं दाबून आवाज पूर्ण वाढवायचा.

एवढं झालं की पुढच्या रविवारी सांगा. आईंना म्हणावं, धाकटी तयार आहे.

तुमची,
धाकटी

२० जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दोन रविवारांचा वृत्तान्त एकदम लिहिते.

बारा तारखेला तू सांगितलंस तसं केलं आणि देवाच्या दयेनं तुझा आवाज टॅबमधून आला. पण इवलासा. आईंच्या कानापर्यंत पोचेना. मग मी मोबाईल आणला, तोही कॉलला जोडला आणि रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला. पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो, भाजी चिरताना मी प्रवचन तसंच ऐकते. तू म्हणालीस, "जाऊबाई, तुम्ही विहिरीत पडलात का?" तरी मी पातेलं हलवलं नाही. मोठा झाला होता ना आवाज.

काल तर कहरच. टॅब आणि मोबाईल दोन्ही जवळजवळ ठेवले, दोन्हींचे आवाज पूर्ण वाढवले, आणि अशी किंचाळी फुटली की शेजारीण दार वाजवायला आली. आईंनी कानातलं नेहमीचं ऐकायचं यंत्र उपसून हातात घेतलं आणि विचारलं, "हे बाहेरून आलं की माझ्या डोक्यातून?" मला हसावं की रडावं कळेना.

मग मी बसले शांत. महिन्याचा हिशेब जुळत नसला की मी एकेक रक्कम झाकून बघते, चूक कुठे लपलीय ते आपोआप उघडं पडतं. इथेही तेच केलं. मोबाईल बंद केला, किंचाळी थांबली. मोबाईल चालू ठेवून टॅब बंद केला, तरी किंचाळी नाही. म्हणजे दोष एकट्याचा नाही, दोघांच्या शेजाराचा. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या कानात, त्याचं पुन्हा पहिल्याच्या कानात, अशी ती चुगली वाढत जाते. आता एकटा टॅब. पातेलंही गेलं.

आणि जागा सापडली. आईंच्या खुर्चीच्या डाव्या हाताला स्टूल, त्यावर साखरेचा डबा, डब्यावर टॅब, स्पीकरची भोकं आईंकडे. इतके दिवस मी तो समोर ठेवत होते आणि भोकं भिंतीकडे बोलत होती. तू "आई, जेवलात का?" विचारलंस आणि त्यांनी तुझ्या तोंडाकडे न बघता उत्तर दिलं. पाहिलंस ना? त्या टॅबकडे बघतच नव्हत्या. प्रार्थनेसाठी मी पेटी काढून बसले होते, तिच्यापुढून उठून नाचावंसं वाटलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. "पेटी का वाजवत नाही?" म्हणून तू तीनदा विचारलंस. अगं बाई, मी वाजवतच होते. भाता ओढून ओढून खांदा भरून आला. तुला दिसत होतं ना माझा हात हलताना? की तुला वाटलं मी नुसती हवा घालतेय?

तुझी,
थोरली

२४ जानेवारी

ती. जाऊबाईंना,
सा. न.

सापडलं. आधी हे सांगते, बाकीचं मागून.

तुमची पेटी मला पहिला सूर जेमतेम ऐकू यायची आणि मग कुणी तोंडावर उशी दाबल्यासारखी गायब. तुम्ही बोललात की तुमचा आवाज स्वच्छ. माझ्या ओळखीची एक शिक्षिका आहे, ती घरून वर्ग घेते, तिला विचारलं. ती म्हणाली, त्या कॉलमध्ये आजूबाजूचा गोंगाट काढून टाकायची सोय असते आणि ती आपली आपणच चालू असते. माणूस बोलला तर तो आवाज ठेवायचा, आणि पंखा, मिक्सर, रस्त्यावरची गाडी असलं एकसारखं चाललेलं काही आलं की ते पुसून टाकायचं. तुमची पेटी एकसारखी लांब सूर धरते. त्याला वाटलं, मिक्सर चालू आहे.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "यंत्राला गाण्यातलं कळतं म्हणायचं." त्यांच्या चहात आज साखर नव्हती.

तर टॅबच्या सेटिंगमध्ये जा, आवाजाच्या भागात. 'गोंगाट कमी करा' अशा अर्थाचं काही असेल त्याची खूण काढा. हे तुमच्याच बाजूला करायचं, कारण पुसापुशी पाठवणाऱ्याच्या घरी होते. मीही माझ्याकडची काढलीय, लांब तान घेतली तर मलाही मिक्सर समजायचं.

आता काही राहिलं नाही. सव्वीसला आपण गाऊ. मी रोज संध्याकाळी खिडकीपाशी म्हणून बघते. समोरच्या बाई परवा म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?" असू दे. दोघींची जोडी झाली की बघतील.

तुमची,
धाकटी

२७ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

काल जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लगेच लिहिते.

आवाज स्वच्छ होता. पेटी पोचत होती, तूच म्हणालीस. मग असं का गायलीस? पहिल्या ओळीपासून तू मागे. मी शब्द उचलावा आणि तू तो संपल्यावर आणावास. मला वाटलं, बरेच दिवसांनी म्हणतेय, थांबू जरा. मी थांबले तर तू आणखी रेंगाळलीस. मी पुन्हा थांबले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ती प्रार्थना राहिली नव्हती, चढावरची बैलगाडी झाली होती. पूर्वी माझा शब्द सुटायच्या आत तू तो झेलायचीस.

आई कान पुढे करून बसल्या होत्या. मग हळूहळू मागे टेकल्या. म्हणाल्या, "दोघी दमलात का ग? राहू दे आज." त्यांना वाटलं त्यांचाच कान चुकीचं ऐकतोय. हे मला सहन झालं नाही.

तुझं मन लागत नसेल, पाय दुखत असेल, तर सांग. मी आईंची समजूत काढीन. पण त्यांच्यापुढे असं अर्ध्या मनानं नको.

थोरली

२७ जानेवारी

ती. जाऊबाईंना,
सा. न.

तुमच्या पत्राची वाट न बघता लिहिते, कारण काल कॉल बंद केल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय.

तुम्ही मला मुद्दाम मागे ओढत होता ना? मी ओळ सुरू केली की तुम्ही सावकाश, माझी संपता संपता, मागून आणायचात. जणू मला दाखवून द्यायचं होतं की ही प्रार्थना या घराची आणि चाल ठरवणार थोरली. मी तुमच्यासाठी थांबत गेले. जितकी थांबले तितक्या तुम्ही आणखी सावकाश. आई मागे टेकल्या ते मला दिसलं.

तुम्ही मोठ्या आहात, चाल तुमचीच असू दे. मला कधी पुढे व्हायचंच नव्हतं. पण आईंच्या त्या एका कानासाठी तरी आपण मानापमान बाजूला ठेवायला हवा होता.

रागावू नका. रागावलात तरी चालेल, पण अठराच्या आत रागावून संपवा.

तुमची,
धाकटी

३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीस तारखेला मिळालं. माझंही तुला त्याच दिवशी पोचलं असणार, दोन्ही वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझं वाचून कानशिलं तापली. 'मुद्दाम' म्हणे. घडी करून साखरेच्या डब्याखाली सारलं आणि दिवसभर भांड्यांवर राग काढला.

दुसऱ्या दिवशी महिनाअखेर, म्हणून हिशेबाला बसले. माझी वही आणि बँकेचं पासबुक नेहमीप्रमाणे जुळेना. जुळत नाहीच, कारण मी चेक टाकते त्या दिवशी माझ्या वहीत लिहिते आणि बँकेत तो मागाहून लागतो. वही खोटी नसते, पासबुकही नसतं, चेक वाटेत असतो. हे मी दर महिन्याला करते. पण या वेळी पेन हातातच राहिलं. उठून डब्याखालून तुझं पत्र काढलं.

मी म्हणते तू मागे होतीस. तू म्हणतेस मी मागे होते. एक जण मागे असेल तर दुसरी पुढे हवी की नको? आपण दोघीही एकमेकींच्या मागे कशा असू?

म्हणून काल कॉलवर तुला म्हटलं, मी टाळी वाजवते, ऐकू आली की त्याच क्षणी तू वाजव. तू तोंड फुगवून बसली होतीस, तरी वाजवलीस, त्याबद्दल देव तुझं भलं करो. टाळी वाजवून मी वाट बघतेय, बघतेय, मग तुझी आली. मग ह्यांना शेजारी बसवून तेच करायला सांगितलं. ह्यांची लगेच आली. आता हे काही चपळ म्हणून प्रसिद्ध नाहीत.

धाकटे, तू मागे नव्हतीस. मीही नव्हते. माझा सूर तुझ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तू तो ऐकून गातेस, तुझा माझ्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. बोलताना तो अर्धा श्वास कळत नाही, गाताना सगळी लय खातो. आपण दोघी एकमेकींना सांभाळून घ्यायला थांबत होतो आणि त्यातच गाडी अडकली. भांडखोर असतो तर निदान संपवलं तरी असतं.

हा दोष कुठल्या सेटिंगमध्ये जाणार नाही. अंतराचा आहे तो. पण मी कालपासून डोकं लावलंय, नीट वाच.

दोघींच्या घरी एकदम जुळणं शक्य नाही. एकाच घरी जुळू शकतं. आणि आपल्याला ते आईंच्या खुर्चीपाशीच हवंय. म्हणजे तू पुढे हो. माझी वाट बघायची नाही, माझं ऐकायचंही नाही. तुझा सूर इथे जसा येईल तसा मी तो धरीन आणि तुझ्याबरोबर गाईन. तिकडून तो केव्हा निघाला याच्याशी आईंच्या कानाला काय करायचंय? इथे दोन्ही एकदम पडतील. मी आईंच्या डाव्या बाजूलाच बसते, टॅबशेजारी.

मी आधी पेटीवर सूर देईन, तो मनात धरून ठेव. मग मी माझा माइक बंद करीन. तू ऐकलंस की थांबशील, मी ओळखते तुला. शिवाय दोन्हीकडून एकदम आवाज गेला की ते यंत्र एकीचा दाबतं, तीही भानगड मिटेल. तुझ्या खोलीत त्या वेळी पूर्ण शांतता असेल. एकटीनं म्हणायचं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, थांबायचं नाही.

येत्या रविवारी आई तपासण्यांसाठी दवाखान्यात असतील. तेव्हा थेट सोळालाच. तुझ्या बाजूनं सराव तरी कसला करणार, तुला ऐकूच येणार नाही.

चाल तुझी. मी मागे येते.

तुझी,
थोरली

७ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंना,
सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग यांना टाळ्या वाजवायला लावल्या, मग घाबरले.

तुमचं गणित बरोबर आहे. शिक्षिकेलाही विचारलं, ती म्हणाली, वर्गातली मुलं एकदम कविता म्हणतात तेव्हा तिच्याकडे नुसता गलका होतो, त्यामागे हेच कारण.

पण जाऊबाई, मी एकटी कधी म्हटलीच नाही ती. खरं सांगते. लग्न होऊन आले तेव्हा मला ती येत नव्हती. तुमच्या तोंडाकडे बघत, अर्धा शब्द तुमचा आणि अर्धा माझा, अशी शिकले. खिडकीपाशी म्हणते तेव्हासुद्धा मनात तुमचाच आवाज पुढे असतो. आता तो काढून घेतलात तर तिसऱ्या कडव्यात मी कुठे वळेन मलाच ठाऊक नाही. आणि मी चुकले तर आईंच्या कानात शेवटी राहील ते माझं चुकणं.

उलटं नाही का होणार? तुम्ही पुढे, मी मागे? कागदावर मांडून बघितलं. तसं केलं तर जुळणार माझ्या घरी. आणि इथे ऐकायला फक्त माझा प्लास्टरातला पाय.

तेव्हा ठीक आहे. रोज दार लावून, रेडिओ बंद करून, कुणाचाही आवाज मनात येऊ न देता म्हणते. काल तिसऱ्या कडव्यात भलतीकडेच गेले. आज गेले नाही.

देवाला तुमच्याकडून सांगा, माझं तो फारसं ऐकत नाही.

तुमची,
धाकटी

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. जाऊबाईंना,
सा. न.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

तुम्ही सूर दिलात. माइकवर रेघ आली. आणि खोलीत इतकी शांतता झाली की मला माझ्याच नाकातला श्वास ऐकू आला. मी सुरू केलं.

पहिला शब्द संपत आला तेव्हा पडद्यावर तुमचे ओठ हलायला लागले. थांबू नकोस, थांबू नकोस, असं स्वतःला बजावत राहिले. तुमच्याकडे बघितलं की पाय घसरल्यासारखं व्हायचं, म्हणून तुमच्यावर हात धरला. खरंच, पडद्याच्या त्या भागावर तळहात धरला आणि फक्त आईंकडे बघत राहिले. त्यांनी डोळे मिटले होते. मांडीवरचं बोट हलत होतं, पण माझ्या ठेक्यात नाही, भलत्याच वेळी. तिसरं कडवं आलं आणि गेलं, मी बरोबर वळले.

आणि शेवटच्या कडव्यात आईंनी डोळे उघडले आणि बोलायला लागल्या. ओठ सारखे हलत होते. मला त्यांच्यासारखं ओठ वाचता येत नाही हो. काय म्हणत होत्या? 'बंद करा' म्हणत होत्या का? ऐकू येत नव्हतं का त्यांना? मी तरी शेवटपर्यंत गेले, तुम्ही सांगितलं होतंत म्हणून.

मग त्यांनी टॅब उचलून मांडीवर घेतला, मला फक्त छत दिसलं, आणि कॉल तुटला. मी परत लावला, कुणी घेईना. फोन केला तर मोठ्या भाऊजींनी उचलला, म्हणाले, "दोघी रडताहेत, नंतर कर." यातून मी काय समजायचं? उद्या पहाटे तुम्ही दवाखान्यात जाणार, आई समोर असताना फोनवर तुम्ही धड काही बोलणार नाही. म्हणून लिहिते. बिघडलं असेल तरी खरं लिहा.

धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं हे फोनवर कळलंच आहे तुला. बाकीचं मी मुद्दाम फोनवर सांगितलं नाही. ते वाचायला मिळावं, आणि पुन्हा वाचता यावं, म्हणून पाठकोरा न घेता कोरा कागद घेतलाय.

तुझा आवाज टॅबमधून आला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या मागे चालले. तुला वाटतं ते सोपं होतं? दोनदा सवयीनं पुढे पळाले आणि स्वतःला मागे ओढलं. दुसऱ्या ओळीपासून बसलं. इतकं बसलं की माझा कुठला आणि तुझा कुठला हे मलाच कळेना, पेटीवर बोटं आपली आपण चालत होती. आईंनी बोटानं ठेका धरला तो इथल्या ठेक्यात होता. तुला चुकलेला दिसला कारण तो तुझ्यापर्यंत उशिरा आला. तोही वाटेतच होता.

आणि आई बोलत नव्हत्या ग. गात होत्या.

ऐकू येणं कमी झाल्यापासून त्यांनी सूर लावलेलाच नव्हता, आपला सूर आपल्यालाच कळत नाही, उगाच लोकांना त्रास, असं म्हणायच्या. शेवटच्या कडव्यात डोळे उघडून त्यांनी तोंड उघडलं आणि सरळ आपल्यात येऊन मिळाल्या. आवाज फाटका होता, पण जागेवर. मी पेटी सोडली आणि नुसती गात राहिले. हे दारात उभे होते, ते चष्मा पुसायला आत गेले. त्या वेळी आपण तिघी गात होतो आणि सगळ्यांच्या पुढे तू होतीस.

संपल्यावर आईंनी टॅब उचलून छातीशी धरला, तेव्हा त्यांच्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं गेलं. मग म्हणाल्या, "धाकटी छान पुढे चालली. आणि थोरली एकदाची कुणाच्या तरी मागे आली." त्यावर आम्ही हसलो आणि मग ते रडणं झालं. तू परत कॉल करत होतीस ते आम्हा दोघींनाही ऐकू आलं नाही.

आता पट्टी सुटली आहे, पण बाहेरचं यंत्र लावायला अजून काही आठवडे आहेत. तोवर त्यांना कुठल्याच कानानं काही ऐकू येत नाही. आम्ही पाटीवर लिहून बोलतो. तुझं प्लास्टर निघेपर्यंत ते यंत्रही लागेल, मग तू ये आणि त्यांच्याशी तोंडानं भांड.

आज सकाळी मी ओट्याशी होते आणि त्या मागे बसून शेंगा सोलत होत्या. घरात कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं कुठेतरी नळ चालू राहिला, म्हणून मागे वळले. आई गुणगुणत होत्या. सांजेचीच प्रार्थना, सकाळच्या वेळी, काहीही ऐकू येत नसताना. मी सुरी खाली ठेवली आणि लक्ष देऊन ऐकलं.

माझ्या चालीनं नव्हती. जरा पुढे, जरा घाईची, तुझ्यासारखी.

तुझी,
थोरली